मेव्हण्याच्या कॅमेऱ्याचा मोतीबिंदू

उदगीरपासून नांदेडपर्यंत एष्टीनं जा, वाटेत लागेल त्या गावात उतरून विचारा, माझ्या मेव्हण्यासारखा चक्रम माणूस तुम्हाला दुसरा सापडायचा नाही. बायकोचा भाऊ म्हणून मी डूख धरून बोलतोय असं समजू नका. बायको होती तोवर तिच्या तोंडावर हे बोलत होतो, आता ती नाही तर त्याच्या तोंडावर बोलतो. माणूस तसा सरळ. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाच्या बांधावर पाय नाही. उदगीरच्या एका शाळेत प्रयोगशाळेचा शिपाई म्हणून त्यानं सगळी नोकरी काढली. काचेच्या नळ्या धुतल्या, बाटल्या पुसल्या, पोरांना कापायला बेडूक धरून आणले, आणि रिटायर होईस्तोवर त्याच्या डोक्यात घट्ट बसलं की आपण सायन्सचा माणूस आहोत. मी चौथी शिकलेला कुणबी, अहमदपूरच्या अलीकडं माझं खेडं. त्यामुळं सायन्सचं काही निघालं की तो आवाज बारीक करून, लेकराला औषध पाजावं तसं माझ्याशी बोलतो. आणि त्याचं हे सगळं सायन्स आजवर एकाच गोष्टीवर खर्च झालं : त्याचा कॅमेरा म्हातारा होतोय.

कॅमेरा हिनं घेऊन दिलेला. ही म्हणजे माझी घरची, त्याची आक्का. त्यांची आई लवकर गेली, हिनंच त्याला कडेवर घेऊन वाढवला, त्याचं नाक पुसलं, त्याला शाळेत ढकलला. तो मोठा झाला, त्याला टक्कल पडलं, तरी हिच्या लेखी तो नाक पुसायचाच राहिला. आमच्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा तो म्हणाला, "आक्का, भाचीचे फोटू मी काढणार." झालं. दुधाचे साठवलेले होते नव्हते ते पैसे पदरात बांधून ही त्याला घेऊन नांदेडला गेली. चांगली वस्तू नांदेडलाच मिळते असा हिचा ठाम समज, लातूरवर विश्वास नाही. तिथल्या दुकानदारानं हातात मावेल असा रुपेरी कॅमेरा दाखवला. बटण दाबलं की पुढून नळी बाहेर यायची आणि तिच्यावरच्या दोन बारीक झाकण्या पापण्यांसारख्या उघडायच्या. ते बघून दोघं बहीण-भाऊ तिथंच गार झाले. दुकानदारानं बरंच काही समजावलं असणार, पण मेव्हण्याच्या ध्यानात त्यातलं एकच राहिलं : "काचेला हात लावायचा नाही." हे त्यानं देवळातल्या गुरवानं सांगावं तसं ऐकून घेतलं. काचेला तो बोट तर सोडाच, फुंकरसुद्धा मारायचा नाही.

लग्नात त्यानं जे केलं ते आमच्या व्याह्यांकडं अजून सांगतात. अक्षता पडायच्या वेळेला सगळा मांडव हात उचलून उभा, आणि हा खुर्चीवर चढून कॅमेरा पोटाशी धरून गप. मी खालून ओरडलो, "अरे काढ की!" तर म्हणतो, "दाजी, सकाळपासून बघून राहिला बिचारा. जरा आराम करू द्या." नवरा-नवरीच्या डोक्यावर अक्षता पडतानाचा एक फोटो त्याच्याकडं नाही. जेवणावळीचे मात्र भरपूर आहेत, कारण तोवर कॅमेऱ्याचा आराम झाला होता.

त्याचं म्हणणं असं, की डोळा म्हटला की तो थकणारच. माणसाचा थकतो, बैलाचा थकतो, मग ह्यानंच काय घोडं मारलंय? कॅमेऱ्यात मेगापिक्सेल म्हणून काही असतं. ते काय असतं मला ठाऊक नाही, पण मेव्हण्यानं मला ते दातांवरून समजावलं. "नवा होता तवा बत्तीशी भरलेली व्हती, दाजी. आता एकेक हलायलंय. दाढा गेल्या असतील. पुढचे हायेत म्हणून काम चाललंय." शाळेतल्या सायन्सच्या सरांनी एकदा त्याला सांगितलं, की असं काही होत नसतं, मशीन बिघडतं नाहीतर चालतं, म्हातारं होत नाही. तर सरांकडं वरून खालून बघून हा म्हणाला, "सर, तुम्हाला चष्मा कवा लागला?" सर तिथनं निघून गेले. मेव्हण्याच्या हिशेबात तो वाद तो जिंकला.

त्या डोळ्याची त्यानं जी बडदास्त ठेवली तेवढी मी माझ्या बैलांची ठेवली नाही. कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवायचा, ओल लागू नये म्हणून. इथपर्यंत ठीक. पण रोज सकाळी तो त्याला बाहेर काढून, बटण दाबून, दारातल्या कडुलिंबासमोर धरायचा. हिरवं बघितलं की नजर टिकते म्हणे. दुपारी उन्हात न्यायचा नाही. ग्रहणात दोन कपड्यांत गुंडाळून ठेवायचा. उदगीरहून आमच्याकडं येताना एष्टीत खिडकीची जागा धरायचा आणि कॅमेरा मांडीवर, तोंड बाहेर करून. कंडक्टर म्हणायचा, "काका, शूटिंग हाय का?" तर हा सांगायचा, "न्हाई, नुसतं बघून राहिलाय." भांडण, मयत, पिसाळलेलं कुत्रं, पुढाऱ्याचं भाषण ह्यातलं काही त्याला दाखवायचं नाही, खामखा नजर खराब होते. एकदा आमच्या गावचा सरपंच फेटा बांधून हौसेनं पुढ्यात येऊन उभा राहिला. मेव्हण्यानं कॅमेरा वर केला, खाली घेतला, पुन्हा वर केला, आणि म्हणाला, "आज तबियत बरी न्हाई त्याची." सरपंच दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही.

फोटो काढून घेणाऱ्याची तर तो पार परीक्षा बघायचा. "हलू नका. श्वास धरा. त्याला आता जुळवायला वेळ लागतो." म्हातारी माणसं श्वास धरून लालबुंद व्हायची. लेकरं पळून जायची. आणि एवढं करून फोटो यायचा तो दरसाल आदल्या सालापेक्षा धुरकट. हे मात्र मीही कबूल करतो. लग्नातले फोटो लख्ख आहेत, साडीच्या काठाचे धागे मोजून घ्या. पुढच्या साली जरा मळभ आल्यासारखं. त्याच्या पुढं दिव्याभोवती धूर धरावा तसं. उजेडाकडं तोंड केलं तर सगळं पांढरंफेक. मी म्हणायचो, "फेक की तो डबा. लेकीच्या मोबाइलवर ह्याच्यापेक्षा चांगला येतो." की मेव्हणा कॅमेऱ्यावर हात झाकायचा, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

त्याचं हे सगळं पटणारं माणूस सगळ्या नात्यागोत्यात एकच, आमची ही. तो दारात आला की हिचा पहिला सवाल, "कसा हाय रं?" हे त्याच्या बायकोविषयी नाही, पोरांविषयी नाही. "थकलाय आक्का." "थकंल की बाबा. किती बघितलं त्यानं." मग दोघं ओसरीवर बसून, घरातल्या दुखणाईताविषयी बोलावं तसं बोलत राहायचे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला आमच्याकडं अवजारांची पूजा. विळे, कुऱ्हाडी, पाभर, पुढं पुढं ट्रॅक्टर. त्या दिवशी मेव्हणा हटकून पहिल्या एष्टीनं यायचा. कॅमेरा त्याचं हत्यार, आणि हत्याराला हळद-कुंकू लावायचा मान ज्या बहिणीनं ते घेऊन दिलं तिचा. मी त्या वेळेला बाहेर ट्रॅक्टरपाशी नारळ फोडत असायचो, त्यामुळं घरात बहीण-भावाचं काय चालायचं ते मी कधी उभं राहून बघितलं नाही. दोघं हसत बाहेर यायचे एवढं बघायचो.

एका साली अहमदपूरला डोळे तपासायचं फुकट शिबिर लागलं. ही मला ओढत घेऊन गेली, मेव्हणाही आलेला होता, तो पण संगं. माझी तपासणी झाली, मी स्टुलावरून उठलो, तर माझ्यामागून हा स्टुलावर बसला आणि त्यानं कॅमेरा टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाई तरणी होती. म्हणाली, "तुम्हाला काय त्रास?"

"मला काय न्हाई. ह्याला दिसत न्हाई."

मागं सगळी रांग हसायला लागली. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ती बाई हसली नाही. तिनं विचारलं, "कधीपासून?"

"लग्नानंतर हळूहळू."

"कुणाच्या?"

"भाचीच्या."

तिनं कॅमेरा उचलला, हा म्हणाला, "काचेला हात लावू नका बरं का बाई," आणि त्यानं बटण दाबून डोळा उघडून दिला. बाईनं बॅटरी मारून बघितलं, आणि अगदी गंभीर तोंडानं म्हणाली, "काका, ह्याला मोतीबिंदू झालाय बघा. पांढरं पांढरं आलंय वर."

"ऑपरेशन होतंय का?"

"आमच्याकडं नाही होत."

परत येताना टमटममध्ये तो विजयी. "बघा दाजी. डॉक्टरनं सांगितलं. मी सांगितलं तर येड्यात काढता." ही पदर तोंडाला लावून हसत होती, पण त्याच्या बाजूनंच बोलली. "वय झाल्यावर व्हतंय रं. तू जपतोस म्हणून एवढा तरी टिकलाय."

मग ही आजारी पडली. त्याचं मी फार लिहीत नाही. लातूरला दवाखान्याच्या खेपा झाल्या, लेक तिकडंच दिलेली म्हणून राहायची सोय होती. बरी होईल म्हणाले, मग काही म्हणेनासे झाले. आम्ही हिला घरी आणली. अंगावर मांस राहिलं नाही. बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. मी रोज तिचं तोंड पुसायचो, रोज केस विंचरायचो, मला सगळं दिसत होतं. आणि हा दर आठवड्याला उदगीरहून येऊन तिच्या समोर कॅमेरा धरायचा, मागच्या काचेवर फोटो बघायचा आणि मान हलवायचा. "न्हाई आक्का. तू अशी न्हाईस. ह्याची नजरच गेली." ही खाटेवरून विचारायची, "कशी आले रं?" "धूर दिसायलाय नुसता." "मंग बरं हाय की. सुरकुत्या तरी झाकल्या." मला राग यायचा. वाटायचं, धरावं त्याचं टक्कल आणि हिच्या तोंडापाशी नेऊन दाखवावं, की कॅमेऱ्याची नाही, तुझ्या बहिणीची वेळ भरत आली. पण तिच्यादेखत काय बोलणार? ती गेली दिवाळी झाल्यावर. त्याच्या आधीच्या खंडेनवमीला कितीतरी दिवसांनी आपल्या पायानं खाटेवरून उठली, भावाच्या कॅमेऱ्याला हळद-कुंकू लावलं, आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. त्यानं तिथंच फोटो काढला. तो तर सगळ्यांत धुरकट आला म्हणे. त्यानं मला दाखवलाही नाही.

आता माझं एक दुःख सांगतो, ते लेकीलाही सांगितलं नव्हतं. ही गेल्यानंतर डोळे मिटले की मला ती शेवटचीच दिसायची. बसलेले गाल, ओढलेले ओठ. आम्ही सगळा जन्म एका घरात काढला, पण त्याच्या आधीचं तिचं तोंड मला काही केल्या आठवेना. शेतात भाकरी घेऊन येणारी आठवायला जावं, तर डोक्यावर टोपलं दिसायचं, चाल दिसायची, लुगडं दिसायचं, आणि तोंडाच्या जागी तेच खाटेवरचं तोंड. लेक म्हणाली, वर्षश्राद्धाला आईचा मोठा फोटो करून भिंतीवर लावू. तिच्या मोबाइलवर पुष्कळ होते, पण सगळ्यांत ही हात आडवा धरून "नको गं" म्हणतेय. मोबाइल दिसला की तिचा हात आडवा. नीट उभी राहायची ती फक्त भावासमोर, डोक्यावरून पदर घेऊन, श्वास धरून. लग्नातले लख्ख होते, पण त्यांत ती शंभर पाहुण्यांत, घामाघूम, कुणाला तरी हाका मारताना. म्हणजे भिंतीवर लावण्याजोगी ती होती ती मेव्हण्याच्याच डब्यात. त्याला फोनवर फोटो मागितला तर म्हणाला, "देणार न्हाई."

"कामून?"

"तो माझ्या आक्काचा फोटूच न्हाई, दाजी. ह्या आंधळ्यानं काढलेला हाय. असली धुरकट आक्का मी भिंतीवर लावू देणार न्हाई."

मी रागानं फोन ठेवला. चार वेळा मागितला, चार वेळा तेच. ही गेल्यापासून त्यानं कॅमेऱ्याचं बटणही दाबलं नव्हतं. तांदळाच्या डब्यात पडून होता.

वर्षाच्या आत आम्ही सण धरत नाही. म्हणून औंदाच्या खंडेनवमीला मी अवजारं कोपऱ्यात तशीच ठेवली, ट्रॅक्टर धुतला नाही, ओसरीवर बसून राहिलो. तर पहिल्या एष्टीनं हा दारात हजर. हातात तीच पिशवी.

"सण न्हाई औंदा," मी म्हणालो.

"तुम्ही नका धरू. ह्याचं दरसाल चुकलं न्हाई. नुसतं कुंकू लावा, मी लगेच जातो."

"मी लावू?"

"मंग कोण लावंल आता?"

मी घरात गेलो. देवळीत तिचा करंडा होता. ती गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. तो घेऊन आलो तोवर ह्यानं पाट मांडला, त्यावर कॅमेरा ठेवला, बटण दाबलं. नळी बाहेर आली, पापण्या उघडल्या.

"डोळा कामून उघडलास?"

"मिटल्या डोळ्यानं कुणी पूजा घेतंय का दाजी? त्याला दिसायला नको, कोण लावून राहिलं ते?"

मी बोटावर कुंकू घेतलं. "कुठं लावू?"

"आक्का लावायची तिथंच."

"आक्का कुठं लावायची?"

"डोळ्याला."

"डोळ्याला म्हंजे?"

"मधोमध की. काचेवर. आधी हळद, मंग कुंकू. लावायची, म्हणायची, 'बघ रे बाबा नीट, माझ्या भावाला बघ.' आन मंग पदरानं पुसून घ्यायची, डोळ्यात जाऊ नये म्हणून."

माझं बोट तसंच वर राहिलं. "दरसाल?"

"हाव. दरसाल."

"आन तू? तू कवा पुसलीस काच?"

"मी?" तो माझ्याकडं असा बघायला लागला, जसं काही मी त्याला चोरी करायला सांगितली. "काचेला हात लावायचा न्हाई म्हणून दुकानदारानं सांगितलेलं. आक्काचं येगळं. ती पूजा व्हती."

मी कॅमेरा उचलला आणि दारात उजेडाला नेला. मला बारीक दिसत नाही, पण हे दिसायला डोळे लागत नव्हते. काचेच्या कडेला हळद-कुंकवाचं तांबूस कडं धरलेलं, आणि मधी तेलकट साय. पदराला घरातलं सगळं तेल असायचं, भाकरीचं पीठ असायचं, त्यानं पुसलेलं. तिरकं धरलं की सायीवर गोल गोल रेघा दिसत होत्या, बोट फिरवल्याच्या. एकावर एक, कितीतरी सालांच्या.

"येड्या," मी म्हणालो, "दरसाल डोळ्यात हळद-कुंकू कालवून घातल्यावर हत्तीसुद्धा आंधळा होईल! ती डॉक्टरीण खरंच सांगत होती रे. वर साय आलीय खरी, पण मोतीबिंदू नाही, कुंकू आहे हे!"

आणि मला हसू आलं. ही गेल्यापासून पहिल्यांदा. ओसरीवर बसून मी खोकला येईस्तोवर हसलो. एक सायन्सचा माणूस, एक त्याची आक्का, आणि दोघं मिळून त्या बिचाऱ्याचे डोळे लिंपून, वर पुन्हा शेजारी बसून त्याच्या म्हातारपणाची फिकर करणार. मी हसत होतो आणि मेव्हणा हसत नव्हता, हे मला जरा उशिरा दिसलं. तो पाटासमोर मांडी घालून बसला होता तसाच होता.

"म्हंजे," तो म्हणाला, "मी एकदा नुसतं पुसलं असतं, तर आक्का नीट आली असती."

मी कॅमेरा पुन्हा पाटावर ठेवला.

"शेवटच्या सालचे सगळे. सगळे दाजी. ती समोर व्हती, आन मी..." टक्कल पडलेला, नातवंडं झालेला माणूस, नाक गळायला लागलं, आणि ते पुसणारं कुणी नव्हतं.

समजूत घालणं मला येत नाही. हिला यायचं. मी जे खरं होतं ते बोललो. "नीट आली असती तर तुला बघवली असती का रं? शेवटी ती कशी झाली होती ते मी बघितलंय. रोज. डोळे मिटले की मला तेच दिसतं, दुसरं काही दिसत नाही. तुझ्या त्या आंधळ्यानं तेवढं बघितलं नाही, हे उपकारच झाले म्हण. मला तो फोटो दाव. दारातला."

त्यानं बाहीनं तोंड पुसलं, बटणं दाबत मागं मागं गेला, आणि कॅमेरा माझ्या हातात दिला.

चौकटीला धरून ही उभी. मागून परसातला उजेड, तो सगळा पसरलेला, दुधात कुंकवाचं बोट बुडवावं तसा. बसलेले गाल दिसत नाहीत. बांगड्या कुठवर चढल्यात दिसत नाही. डोक्यावरून पदर दिसतो, मान एका अंगाला कलती दिसते, श्वास धरलाय ते दिसतं, आणि आता हसेल की मग हसेल असे ओठ. ती माझी होती. भाकरी घेऊन बांधावरून येणारी, टोपल्याखालची. मी कुठं कुठं शोधत होतो, आणि ती इथं होती, तिच्याच कुंकवाच्या मागं.

"हाच करायचा मोठा," मी म्हणालो. त्यानं मान डोलावली. वाद घातला नाही.

मग मीच म्हणालो, "काच पूस आता. मोतीबिंदू काढ त्याचा." तर म्हणतो, "माझा हात न्हाई उठायचा. तुम्ही पुसा." मी धोतराचा सोगा ओला करून, बोटाला गुंडाळून हळूहळू पुसलं. सोग्याला तांबूस डाग आला. तो मी अजून धुतलेला नाही. कोरड्या सोग्यानं पुन्हा पुसलं, तशी काच विहिरीच्या पाण्यासारखी काळी झाली. मेव्हण्यानं कॅमेरा घेतला, माझ्यासमोर धरला. "हलू नका. श्वास धरा." सवय काही गेली नाही. फोटो निघाला. मागच्या काचेवर बघून त्याचे डोळे मोठे झाले.

"दाजी, सगळे मेगापिक्सेल जागेवर हायेत! एक पडला न्हाई!"

मी बघितलं, आणि मलाच माझी शिसारी आली. वाढलेली दाढी, कानातले केस, गालावरची एकेक घडी, डोळ्याच्या कोपऱ्यातली चिपडं. सगळं लख्ख. गेल्या वर्षात मी किती म्हातारा झालो ते मला घरात सांगणारं कुणी राहिलं नव्हतं. ते त्या डब्यानं सांगितलं.

"लई म्हातारे दिसून राहिले तुम्ही," मेव्हणा म्हणाला. तोंडावर बोलायचं तो माझ्याकडून शिकलाय.

"पूजा राहिली," मी म्हणालो. करंड्यातलं कुंकू पुन्हा बोटावर घेतलं.

"बुडाला लावा दाजी. खाली. काचेला नको आता."

मी बरोबर मधोमध लावलं. आधी हळद, मग कुंकू. काय म्हणायचं ते मला आठवत होतं, पण मोठ्यानं म्हणवेना, मनात म्हणालो. मग धोतराच्या सोग्यानं पुसून घेतलं, डोळ्यात जाऊ नये म्हणून. मला वाटलं आता हा भडकणार. पण त्यानं कॅमेरा उचलला, पुन्हा माझ्यासमोर धरला, पुन्हा श्वास धरायला लावला, आणि बराच वेळ मागच्या काचेकडं बघत बसला.

"आता बरे दिसून राहिले," म्हणाला.

वर्षश्राद्धाला हिचा फोटो भिंतीवर लागला. दारातला. लेक हळूच मामाला म्हणाली, "मामा, थोडा धुरकटच आहे ना?" सायन्सचा माणूस खाकरला, आणि आवाज बारीक करून तिला म्हणाला, "वय झालं बाई त्याचं." मी ताटावर बसलो होतो. मान वर केली नाही.

आता आठवड्याला त्याचा फोन येतो. पूर्वी तो यायचा आणि ही कॅमेऱ्याची तबियत विचारायची. आता तो मला विचारतो, "दाजी, दिसती का आक्का?" मी खाटेवरून भिंतीकडं बघतो. सकाळचा उजेड दारातून तिच्यावर आलेला असतो. बाहेरचा उजेड कुठं संपतो आणि फोटोतला कुठं लागतो, ते माझ्या नजरेला आता नीट कळत नाही.

"दिसती," मी सांगतो.

"धूर?"

"हाय थोडा. असू दे."